सातव्या होलचा बंकर

पुण्याजवळच्या एका गोल्फ कोर्सवर गवत, पाणी, मशिनरी आणि माळ्यांची हजेरी माझ्याकडे असते. गेल्या हिवाळ्यात कमिटीचं पत्र आलं: नवे मेंबर टिकत नाहीत, सातव्यावर गर्दी तुंबते, तेव्हा तिथला उजवीकडचा मोठा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, बुजवून टाका.

तो बंकर म्हणजे त्या होलचा जीव. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, साधारण 230 यार्डांवर, फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) उजव्या कडेला. त्याला खेटून बॉल ठेवायची छाती असेल तर पुढे ग्रीन, म्हणजे बॉल शेवटी ज्या खड्ड्यात घालायचा त्याभोवतीचं बारीक गवत, उघडं मिळतं. भिऊन डावीकडे गेलात तर दुसरा फटका ग्रीनजवळच्या वाळूवरून उचलावा लागतो. धोक्याच्या जवळ जाणाऱ्याला बक्षीस, ही स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सची जुनी शिकवण. बंकर काढला तर कुठूनही मारा, सारखंच.

उत्तर लिहिण्याआधी प्रत्यक्ष बघावं म्हणून रविवारी सकाळी आमच्या कॅडीमास्टर (खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडींचे मुकादम) मामांना घेऊन सातव्याच्या टीमागे सावलीत जाऊन बसलो.

कोचिंगची नवी बॅच आली. टीसमोर नाला आहे आणि तो ओलांडायला बॉल 140 यार्ड हवेतून जावा लागतो. नवख्याचा फटका बरा बसला तरी शंभरच्या आसपास, नाहीतर जमिनीवरून घरंगळत जातो. पहिल्याचा बॉल पाण्यात, दुसऱ्याचाही. एका बाईंचे लागोपाठ तीन गेले. त्यांनी बॅगेची चेन लावली आणि म्हणाल्या, "आता मी नुसती फिरायला येते तुमच्याबरोबर."

जे पलीकडे गेले त्यांचे बॉल उजवीकडे वळून रफमध्ये, म्हणजे कडेच्या घोट्याएवढ्या गवतात, गडप झाले. 2019 पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती. पण नवा महागडा बॉल हरवल्यावर घड्याळ कोण बघतो? कॅडी, खेळाडू, सगळे वाकून गवत चाळत होते आणि मागे टीवर रांग वाढत होती.

"साहेब," मामा म्हणाले, "यातलं बंकरापर्यंत पोचतंय कोण?"

दुपारपर्यंत त्या वाळूत एकच बॉल पडला. तो सिंगल हँडिकॅपच्या, म्हणजे चांगल्या कसलेल्या, एका जुन्या मेंबरांचा होता. पत्रावर पहिली सही त्यांचीच होती.

मीटिंगमध्ये मी बंकराची बाजू मांडलीच नाही, नाल्याची आणि रफची मांडली. नाल्यापलीकडे एक नवी टी बांधा, उजवीकडचं रफ बुटकं ठेवा, एवढंच मागितलं. कोर्स सोपा होऊन जाईल, अशी कुरकुर झाली. तेव्हा अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट क्रमांक 2 चं उदाहरण दिलं. तिथे 2010-11 मध्ये रफचं गवत उखडून फेअरवे पुन्हा रुंद केले. 2014 मध्ये तिथे पुरुषांची यूएस ओपन झाली, तेव्हा चार दिवसांअखेर पारखाली, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमीत, फक्त तिघे होते. पुढच्याच आठवड्यात महिलांची झाली, त्याच कोर्सवर, पुढच्या टींवरून. रुंद जागेत नवख्याचा बॉल हरवत नाही, आणि कसलेल्याला कोणत्या बाजूला बॉल ठेवायचा याचं कोडं सुटत नाही.

खरा अडथळा मानाचा निघाला. "लेडीज टीवरून मी खेळू?" हा प्रश्न तिथे बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर होता. म्हणून नव्या टीवर लेडीज टीचे लाल मार्कर लावलेच नाहीत, हिरवे लावले आणि स्कोअरकार्डावर तिचं वेगळं रेटिंग (तिथून कोर्स किती अवघड त्याचा आकडा) छापून घेतलं, म्हणजे हँडिकॅपचे, म्हणजे कमी कसलेल्याला मिळणारे सवलतीचे, स्ट्रोक त्या हिशोबाने मिळतात. आता बॅचमधली मुलं तिथूनच सुरुवात करतात. सही करणारे साहेब अजून मागूनच मारतात आणि अधूनमधून त्याच वाळूत जातात.

वाद संपला असं मात्र नाही. आता काहींना ग्रीनचा उतार सपाट करून हवाय. तो मी करणार नाही. शनिवार-रविवारी ग्रीनवरचा बॉल घालायचा खड्डा खालच्या सपाट भागात पाडतो, स्पर्धेच्या दिवशी वर, उताराच्या कडेला. पुढच्या मीटिंगला तोच विषय आहे.