युद्धाचं इंग्रजी: कॅज्युअल्टीपासून आर्मिस्टिसपर्यंत

इंग्रजीतून इतिहास वाचताना कॅज्युअल्टी या शब्दापाशी खरं तर थांबायला हवं, पण कोणी थांबत नाही, सगळे तो "मृत" असा वाचून पुढे जातात. 1 जुलै 1916, पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईचा पहिला दिवस, ब्रिटिश सैन्याच्या कॅज्युअल्टीज 57,470. हा आकडा कितीतरी ठिकाणी "एका दिवसात 57 हजार ठार" असा फिरतो. ठार झाले होते 19,240. बाकीचे जखमी, बेपत्ता किंवा शत्रूच्या हाती लागलेले. लष्कराच्या हिशोबात जो माणूस आता लढायला उभा राहू शकत नाही तो कॅज्युअल्टी, मग तो मेलेला असो की पाय गेलेला. 19 हजार हा आकडा काही लहान नाही, एका दिवसाला तर भयंकरच आहे, पण जखमींना मेलेल्यांत ढकललं की त्यांचं पुढचं सगळं आयुष्यच आपण पुसून टाकतो, आणि मला ते फार चुकीचं वाटतं. मेलेल्यांसाठी इंग्रजीत फेटॅलिटी आहे, किल्ड इन अ‍ॅक्शन आहे, ते वेगळे वाचावेत.

दुसरा गोंधळ लढाई थांबण्याचा. ट्रूस, सीझफायर, आर्मिस्टिस, सरेंडर, ट्रीटी, हे पाच शब्द आपण शस्त्रसंधी नाहीतर तह म्हणून उरकतो, आणि युद्धबंदी म्हटलं तर ते कैदी की थांबलेली लढाई हे आधी संदर्भावरून ठरवावं लागतं.

ट्रूस तात्पुरता असतो, कधी कधी तर वरून हुकूमसुद्धा नसतो. 1914 च्या ख्रिसमसला पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक आपापल्या खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटले तो ट्रूस. सीझफायर म्हणजे गोळीबार थांबवण्याचा हुकूम किंवा करार. आर्मिस्टिस त्याहून पक्का, लेखी, अटी घातलेला, पण तरी युद्ध संपलेलं नसतंच. 11 नोव्हेंबर 1918 ला फ्रान्समधल्या कॉम्पियेन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात जर्मनी आणि दोस्त राष्ट्रांच्या सह्या झाल्या पहाटे पाचच्या सुमारास, अंमल सकाळी अकराला, आणि मधल्या तासांतही माणसं मरत राहिली. तो करार सुरुवातीला फक्त 36 दिवसांचा होता, मग मुदत वाढवत नेली. ट्रीटी, म्हणजे व्हर्सायचा तह, झाला 28 जून 1919 ला. मधले सात महिने कागदोपत्री युद्धाचेच. कोरियात तर 27 जुलै 1953 ला पानमुनजोमला आर्मिस्टिस झाला आणि शांतता तह आजतागायत झालेला नाही, दक्षिण कोरियाने त्या आर्मिस्टिसवर सहीसुद्धा केली नव्हती. हे एकदा कळलं की तिथल्या बातम्या वेगळ्याच दिसायला लागतात.

सरेंडर म्हणजे सरळ शरणागती, आणि अनकंडिशनल सरेंडर म्हणजे अटी घालायची मुभाच नाही. 15 ऑगस्ट 1945 ला जपानच्या सम्राटाने रेडिओवरून युद्ध थांबवत असल्याचं सांगितलं, पण त्या भाषणात शरणागती हा शब्द नाहीच. माझ्या मते एखादं सरकार कुठला शब्द टाळतंय ते बघणं हे तो शब्द पाठ करण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

सीज आणि ब्लॉकेड या शब्दांचाही असाच गोंधळ होतो. सीज म्हणजे वेढा, सैन्य शहराला घेरून बसतं, लेनिनग्राडला 1941 ते 1944 असा 872 दिवस वेढा होता आणि लाखो लोक भुकेने गेले. ब्लॉकेड म्हणजे माल आत जाण्याचे मार्ग बंद करणं, बहुतेक वेळा समुद्रातून. ते वर म्हटलेले सात महिने आठवा, तोफा थंड झाल्या होत्या पण जर्मनीचा ब्लॉकेड जुलै 1919 पर्यंत उठला नाही, म्हणजे सामान्य माणसाचे हाल चालूच. ब्लॉकेड ही कायद्याने युद्धाची कृती धरतात, म्हणूनच 22 ऑक्टोबर 1962 ला क्युबाकडे शस्त्रं घेऊन जाणारी जहाजं अडवायचं ठरलं तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्वारंटाइन हा शब्द वापरला. काम साधारण तेच, नाव बदललं, आणि त्या नावामुळे अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांनाही बोलायला थोडी जागा राहिली.

माघारीचे शब्द मी भराभर सांगते. विथड्रॉअल ठरवून घेतलेली माघार, रिट्रीट दबावाखाली मागे हटणं, राऊट म्हणजे पळापळ, इव्हॅक्युएशन म्हणजे माणसं बाहेर काढणं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून 1940 मध्ये 3,38,000 हून जास्त सैनिक बाहेर काढले ते इव्हॅक्युएशन, आणि चर्चिल यांनी तेव्हाच संसदेत बजावलं होतं की अशी सुटका म्हणजे विजय समजू नका.

आणि क्रियापदं वाचताना कर्ता कोण ते नक्की बघा. फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर 1871 च्या फ्रँकफर्टच्या तहात आल्सेस प्रांताचा बहुतेक भाग आणि लॉरेनचा काही भाग फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला. फ्रान्सच्या बाजूने लिहिलं तर सीड, म्हणजे सोडून द्यावा लागला, जर्मनीच्या बाजूने अ‍ॅनेक्स, म्हणजे आपल्या राज्याला जोडून घेतला. जमीन तीच, तह तोच. एकाच धड्यात दोन्ही शब्द आले तर लेखक कुठल्या वाक्यात कोणाच्या बाजूला उभा आहे ते पेन्सिलने खुणा करत वाचा, व्होकॅब्युलरी आपोआप पक्की होते.