तुम्ही विचारलंत म्हणून: हा जनावरांचा नाद लागला कुठून?

लग्नकार्यात, कॉलेजात, एसटीत शेजारी बसलेल्या मावशींकडूनही हाच प्रश्न येतो. "पोरीच्या जातीला गाई-बैलांचा नाद लागला कसा गं? आणि प्रदर्शनात जनावरांचे नंबर काढताना तुम्ही एवढं बघता तरी काय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, देवणी तालुक्यात. मी नववीत असताना आबांनी, म्हणजे आजोबांनी, देवणी जातीची एक कालवड माझ्या हवाली केली. वानेरा होती ती. अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. (बाळंक्या सगळा पांढरा, शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके. देवणीचे हे तीन प्रकार आमच्याकडं लहान पोरंही ओळखतात.) तीन महिने तिची चाकरी केली. पहाटे पेंड, कडबा, सुट्टीच्या दिवशी ओढ्यावर धुणं, म्होरकी धरून रस्त्यानं चालवणं. तालुक्याच्या एका प्रदर्शनात तिला नेली, तेव्हा पहिला नंबर आपलाच अशी माझी खात्री होती.

ती नंबरात बसलीच नाही.

मी थेट परीक्षक डॉक्टरसाहेबांना गाठलं. "साहेब, माझ्या कालवडीत काय कमी होतं?" ते चिडले नाहीत. पाण्याच्या टाकीजवळ एक पट्टा ओला होता, त्यावरून तिला चालवायला लावली आणि खाली बसून बोटानं दाखवलं. मागचा खूर पुढच्या ठशाच्या वीतभर मागं पडला होता. "चालीचं जनावर मागचा खूर पुढच्याच्या ठशावर टाकतं. हिचे मागचे गुडघे आत वळलेत, म्हणून पाऊल आखूड पडतं. हे हाडातलं आहे पोरी, तुझ्या चाकरीत खोट नाही." मग पहिल्या आलेल्या कालवडीला तिथूनच नेलं. ठशावर ठसा. जसं काही दोन पायांचंच जनावर गेलंय.

तीन महिने मी रोज तिच्या मागंपुढं चालत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. हरल्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवसापासून वाटेत दिसेल त्या जनावराचे ठसे बघत सुटले.

त्याच मार्गशीर्षात आबांबरोबर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला गेले. घोडे, गाढवं, उंट, सगळा बाजार सोडून मी दिवसभर देवणी आणि लाल कंधारी या दोन जातींच्या दावणींपाशीच. वहीत आधी माझे नंबर लिहायचे, मग आबांचे विचारायचे आणि दोघांचे का जुळले नाहीत यावर वाद घालायचा. दात बघायला आबांनीच शिकवलं. जबड्याच्या कडेला जिथं दात नसतात तिथून बोटं घालायची. पुढचे दात खालच्याच जबड्यात, आठ. दुधाचे पडून दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला पहिली जोडी येते, तो दोन दाती. बिनदाती, दोन दाती, चार दाती, प्रत्येकाची तुलना आपल्या गटातच करायची, नाहीतर लहानावर अन्याय होतो.

रंगावर पुष्कळ लोक भुलतात. काळं-पांढरं संकरित जनावरही लांबून देवणी वाटतं. मी आधी कपाळाचा फुगवटा, लोंबते कान, वशिंड आणि गळ्याची पोळी, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी कातडी, बघते. मग पाठीची रेघ. कालवडीचे चारी सड सारख्या अंतरावर आहेत का, वळूचे दोन्ही वृषण सारखे आहेत का, हेही बघायलाच हवं, कारण पुढची वासरं त्यांचीच असणार. झूल आणि गोंडे डोळ्यांना छान वाटतात, पण मी ते उतरवायला सांगते. आणि शेवटी चाल. चालीपुढं मला बाकीचं दुय्यम वाटतं. चुकत असेन, पण वाटतं.

आता मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. मुलगी म्हणून कोणी हसलं का, हेही विचारतात. हसले. गोऱ्ह्याच्या तोंडात हात घातला की हसणं थांबतं.

गेल्या पोळ्याला शेजारच्या गावात बिनदाती गोऱ्ह्यांचे नंबर काढायला मला बोलावलं होतं. सहा गोऱ्हे. मी एकेकाचं कारण मोठ्यानं सांगितलं. माझ्या मते कारण न सांगता नंबर देणं म्हणजे पैसे घेऊन पावती न देणं. दुसऱ्या आलेल्या गोऱ्ह्याचे मालक, सत्तरीचे एक मामा, काही बोलले नाहीत. सगळे पांगल्यावर त्यांनी गोऱ्हा चिखलातून फिरवला, उकिडवे बसून ठसे बघितले आणि मला हाक मारली.

"बाई, हे हाडातलं हाय का खुरातलं?"

मी त्याचा मागचा पाय उचलला. आतला खूर बोटभर वाढला होता.

"खुरातलं आहे, मामा. साळून घ्या."

"मंग पुढच्या पोळ्याला ये," ते म्हणाले, आणि गोऱ्ह्याला घेऊन निघाले.