व्हील बनवताना बिल्ड मशीन आत शिरतं ते असं

पायथॉनचं पॅकेज लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीकडे चालवायचं असेल तर एक गोष्ट सतत तपासावी लागते: ज्या मशीनवर ते बनलं, त्या मशीनचं काही आत राहून गेलंय का? ‘माझ्याकडे तर चालतंय’ छापाच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात.

आधी शुद्ध पायथॉन, म्हणजे ज्यात सी किंवा सी++ नाही असं पॅकेज. अजूनही कित्येक प्रकल्पांच्या सेटअप.पीवायमध्ये, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ‘प्लॅटफॉर्म विंडोज असेल तर डिपेन्डन्सीच्या (लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या) यादीत पायविन32 घाल’ अशी इफ असते. ही फाइल व्हील, म्हणजे इन्स्टॉलला तयार असलेली पॅकेजची फाइल, बनताना चालते, इन्स्टॉल होताना नाही. व्हील लिनक्सवर बनलं की ती अट खोटी ठरते, यादी गोठते आणि फाइलच्या नावात शेवटी ‘एनी’ (कुठलाही प्लॅटफॉर्म) असल्यामुळे तेच व्हील विंडोजवरही बिनबोभाट उतरतं. तिथे पायविन32 येतच नाही आणि पहिल्याच इम्पोर्टला प्रोग्राम पडतो. म्हणून अट कोडमध्ये लिहू नये, पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये डिपेन्डन्सीच्या नावापुढे अर्धविराम देऊन मार्कर, म्हणजे ती कधी लागते याची अट, लिहावा: सिस_प्लॅटफॉर्म == 'विन32'. पॅकेज बसवणारा पिप हा मार्कर वापरणाऱ्याच्या मशीनवर तपासतो. विंडोज 64 बिटचं असलं तरी किंमत ‘विन32’च राहते, आणि मॅकसाठी ‘डार्विन’ लिहायचं. पायथॉनच्या आवृत्तीचंही तसंच. टॉमलीबचा वाचक पायथॉनमध्ये 3.11 पासून आला, त्याआधीच्यांना टॉमली लागतं, म्हणून पायथॉन_व्हर्जन < '3.11'. मार्करमध्ये ही तुलना आवृत्ती म्हणून होते. हाताने लिहिलेल्या इफमध्ये ती बरेचदा अक्षरांची होते आणि 3.9 हे 3.11 पेक्षा मोठं ठरतं.

खात्री करणं सोपं आहे. व्हील ही साधी झिप फाइल असते. ती उघडून मेटाडेटा फाइलमधल्या रिक्वायर्स-डिस्टच्या ओळी वाचा. तिथे मार्कर दिसला नाही, तर अट बिल्डच्या वेळीच खर्ची पडली आहे.

मराठीत रीडमी लिहिणाऱ्यांसाठी एक खास खड्डा. सेटअप.पीवायमध्ये एन्कोडिंग न सांगता ओपन केलं, तर विंडोजवर पायथॉन 3.14 पर्यंत सिस्टिमचं कोडपेज वापरतो, बहुतेक ठिकाणी सीपी1252. यूटीएफ-8 मध्ये हलन्ताचे तीन बाइट होतात: ई0, ए5, 8डी. यातल्या 8डीला सीपी1252 मध्ये अक्षरच नाही. म्हणजे रीडमीत एक जोडाक्षर आलं की बिल्ड युनिकोडडिकोडएररवर थांबतं. एन्कोडिंग ‘यूटीएफ-8’ असं स्पष्ट लिहा, किंवा रीडमीचं नाव नुसतं पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये द्या.

खरी कसोटी सी एक्स्टेन्शनची, म्हणजे पॅकेजच्या सी किंवा सी++ मध्ये लिहून कम्पाइल केलेल्या भागाची. उबुंटू 22.04 वर जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) 2.35 आहे. तिथे कम्पाइल केलेली फाइल उबुंटू 20.04 वर, म्हणजे 2.31 वर, ‘जीलिबसी_2.34 नॉट फाउंड’ म्हणून पडते. कोडमध्ये नवं काही वापरलं नसलं तरी! कारण 2.34 मध्ये पीथ्रेड आणि डीएलच्या लायब्ररी मुख्य लिबसीत विलीन झाल्या, त्यामुळे थ्रेड सुरू करण्याच्या साध्या कॉललाही नव्या आवृत्तीचा शिक्का बसतो. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं होत नाही. म्हणूनच मेनीलिनक्सच्या, म्हणजे मुद्दाम जुन्या जीलिबसीवर व्हील बांधण्यासाठीच्या, कंटेनर इमेज वापरायच्या. मेनीलिनक्स_2_17 सेंटओएस 7 वर उभी आहे, आणि त्याचा आधार जून 2024 मध्ये संपला. नव्या प्रकल्पाने अल्मालिनक्स 8 वरची 2_28 घ्यावी. अल्पाइन लिनक्समध्ये जीलिबसीऐवजी मसल ही दुसरी सी लायब्ररी असते. तिथे वेगळं मसललिनक्स व्हील लागतं. ते नसेल तर पिप सोर्सवरून बांधायला जातो आणि कम्पायलर नसल्याची तक्रार तुमच्याकडे येते.

लिनक्सवर बिल्डनंतर ऑडिटव्हील या साधनाचं ‘ऑडिटव्हील शो’ चालवून बाहेरच्या लायब्ररी पाहा आणि मग ‘रिपेअर’ करा. ते लिबएक्सएमएल2 सारखी लायब्ररी व्हीलमध्ये कॉपी करतं, तिच्या नावाला हॅश जोडतं आणि शोधाचा मार्ग बदलतं, म्हणजे दुसऱ्या पॅकेजच्या लिबएक्सएमएल2 शी टक्कर होत नाही. मात्र त्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी निघाली की नवं व्हील काढणं आता तुमचं काम. वापरणाऱ्याने सिस्टिम अपडेट करून काही उपयोग नाही. म्हणून जेवढं कमी भरता येईल तेवढं बरं.

मॅकवर हेच काम डीलोकेट करतं. तिथली फसगत होमब्रूची, म्हणजे मॅकवर तयार लायब्ररी बसवणाऱ्या साधनाची. तुम्ही किमान मॅकओएस 11 म्हणता, पण होमब्रूची लायब्ररी बिल्ड मशीनच्या मॅकओएससाठी बनलेली असते, आणि जुन्या मॅकवर व्हील पडतं. लायब्ररी सोर्समधून, तेच डिप्लॉयमेंट टार्गेट (किमान मॅकओएस) देऊन बांधा. इंटेल आणि एआरएमची दोन वेगळी व्हील काढणं दोन्ही एकत्र असलेल्या युनिव्हर्सल2 पेक्षा कमी कटकटीचं.

विंडोजवर हेच काम डेल्व्हव्हील करतं. तिथला ‘डीएलएल लोड फेल्ड’ हा संदेश दिशाभूल करतो: तुमची पीवायडी फाइल (कम्पाइल केलेलं एक्स्टेन्शन) जागेवर असते, हरवलेली असते ती तिला लागणारी डीएलएल, म्हणजे विंडोजची लायब्ररी फाइल. सी++ एक्स्टेन्शनला लागणारी एमएसव्हीसीपी140.डीएलएल पायथॉनच्या इन्स्टॉलरसोबत येत नाही. डेव्हलपरकडे व्हिज्युअल स्टुडिओ असल्यामुळे ती असतेच. चाचणी कोऱ्या विंडोजवर घ्या.

हे सगळं एकत्र बांधायला, म्हणजे प्रत्येक प्लॅटफॉर्मचं व्हील बनवून तपासायला, सीआयबिल्डव्हील हे साधन आहे. त्यातली टेस्ट-कमांड जरूर भरा: ती व्हील नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवते आणि सोर्स फोल्डरच्या बाहेरून चाचण्या चालवते. फोल्डरच्या आतून चालवल्या तर पायथॉन शेजारचा सोर्सच इम्पोर्ट करू शकतो, आणि व्हीलमधून गळलेली डेटा फाइल कुणाच्या लक्षात येत नाही.

आवृत्त्या गोठवणं फक्त ॲप्लिकेशनने करावं. लायब्ररीने खालची मर्यादा सांगावी. वरची, ठोस कारण असेल तरच. आणि लिनक्सवरचं पिप फ्रीझ, म्हणजे त्या मशीनवर बसलेल्या पॅकेजांची यादी, ही लॉक फाइल (गोठवलेल्या आवृत्त्यांची फाइल) नव्हे, त्यात विंडोजच्या डिपेन्डन्सी नसतातच. यूव्ही या पॅकेज साधनाची लॉक फाइल मार्करसकट सगळ्या प्लॅटफॉर्मचा हिशेब ठेवते.

व्हीलबरोबर सोर्सही अपलोड करा. डेबियन आणि फेडोराचे पॅकेजर तोच घेतात आणि सिस्टिमच्या लायब्ररीशी जोडतात, तेव्हा त्यासाठी बिल्डमध्ये पर्याय ठेवा. अपलोड आधी टेस्टपायपीआयवर, म्हणजे पायपीआय या पायथॉन पॅकेजांच्या भांडाराच्या चाचणी प्रतीवर, करा. पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलनाव ती फाइल पुसली तरी पुन्हा मिळत नाही. कोड ठीक आहे आणि एकाच प्लॅटफॉर्मचं व्हील बिघडलंय, अशा वेळी नवी आवृत्ती काढायची गरज नाही: नावात आवृत्तीच्या लगेच पुढे ‘-1’ हा बिल्ड क्रमांक देऊन दुरुस्त व्हील चढवा, पिप ते आधी निवडतो.