व्हिडिओचा उरलेला तुकडा

२ जुलै २०१८, सोमवार. बागलाण तालुक्यातली आमची जिल्हा परिषद शाळा. पटावर ३४ मुलं, परिपाठाला हजर ९.

आदल्या दिवशी शेजारच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजारात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं होतं. नाथपंथी डवरी गोसावी ते, भिक्षा मागत फिरणारे, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पण आमच्या गावाला धसका बसला तो टोळीचा. "पकडलेत म्हणजे टोळी आहेच," असं आयाबाया सांगत होत्या.

अकराच्या सुमारास फाटकापाशी गलका झाला. सुया-बिबे विकणारी एक म्हातारी लिंबाखाली टेकली होती, भोवती पंधरा-वीस जण. कुणीतरी तिची पिशवी उलटी केलेली. काळे मणी, फण्या, पिना सगळं चिखलात. मी तिला हाताला धरून वर्गात आणलं आणि आतून कडी लावायला गेले. हात तिथेच थांबला. राईनपाड्यातही खोलीच होती. कडी न लावता मी दारात उभी राहिले. मुख्याध्यापकांनी पोलिसांना फोन लावला.

"बाई, तुम्ही हे बघितलं नाही का?" एका बापाने मोबाइल पुढे केला. मोटरसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात, पसार.

"दादा, पुढे काय झालं?"

"पुढे काय? पळवलं की!"

पूर्ण व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये होता, बातम्यांमुळे जपून ठेवलेला. तो लावला. तेच पोर, तीच मोटरसायकल. पण ती वळून परत येते, पोराला खाली ठेवते आणि मागचा माणूस एक फलक उघडून दाखवतो. मुलांवर लक्ष ठेवा, हे सांगणारी कराचीतल्या एका संस्थेची ती जाहिरात. कुणीतरी शेवट कापला होता.

त्याने तो तीनदा बघितला. शेवटचा तुकडा तर अंगठ्याने मागे सारून सारून.

चित्रण खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं घातक ठरलं. धडा शिकवताना मी मुलांना विचारते, हे कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं? मोबाइलवरच्या चित्रालाही तेच विचारायचं असतं, हे तोवर मी एकाही वर्गात, एकाही पालक सभेत बोलले नव्हते. याची मला आजही टोचणी आहे.

जीप यायला तासभर गेला. तोवर दोघी-तिघी चिखलात बसून मणी वेचत होत्या. म्हातारीने पिशवी घेतली, पण जीपमध्ये बसेपर्यंत माझा पदर काही सोडला नाही.