बुलेटचं पॅनल आणि जुलैची हवा

काकांच्या बुलेटच्या डाव्या साइड पॅनलचा, ते अडकवायचा एक कान तुटला होता, वर मधोमध तडा. नवं पॅनल बाजारात मिळत होतं, नाही असं नाही. पण मला कार्बन फायबर, म्हणजे कार्बनच्या तंतूंचं रेझिनमध्ये बसवलेलं कापड, एकदा हाताने करून बघायचंच होतं.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतून, एक मीटर कापड आणलं. थ्री-के, ट्विल म्हणजे तिरक्या रेघांच्या विणीचं, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं. थ्री-के म्हणजे एका पेडात ३,००० तंतू, आणि एकेक तंतू साधारण ७ मायक्रॉनचा. दुकानदाराने घडी न घालता नळीवर गुंडाळून दिलं. घडी पडली की तंतू मोडतात आणि ती रेघ पॉलिशनेही लपत नाही. कापताना आधी मास्किंग टेप लावायची आणि टेपवरूनच कात्री चालवायची, नाहीतर कडेला लुगड्याच्या दशा लोंबायला लागतात.

तुटलेल्या कानामागे तीन थर दिले, मधला ४५ अंशांत तिरका. पुढचा एकच थर, तो शोभेचा. जेमतेम पाव मिलिमीटर. भार घेतात ते मागचे.

पॅनल ८० नंबरच्या पेपरने घासून काळ्या एपॉक्सीचा (रेझिन आणि हार्डनर कालवलं की आळून घट्ट होतं ते) एक हात दिला. बोट टेकवलं की ठसा उमटावा, पण बोटाला काही लागू नये. नेमकं तेव्हाच कापड बसवायचं.

इथवर ठीक. मग मी शहाणपणा केला. रेझिन-हार्डनर १०० ला ३०, वजनाने, हे पाळलं. पण सगळं एकदम एकाच उभ्या कपात कालवलं आणि फोन घेत बसलो. कप आधी गरम झाला, मग वाकला, मग धूर! एपॉक्सी आळताना उष्णता सोडतं आणि खोल कपात ती कोंडते. त्यानंतर पसरट ताटलीत, थोडं थोडं.

दुसरी फजिती पावसाची. रात्रभर कोसळला, सकाळी पॅनलवर मेणासारखा पांढरट, चिकट थर. मी घासायला घेतलं तर पेपरच भरून गेला. दुकानदार फोनवर हसला, "आधी साबणाने धुवा हो!" दमट हवेत हार्डनर वर येऊन असा थर धरतो. काकूंचा भांड्यांचा स्क्रबर त्यात कामी आला, त्यांना न सांगता.

मग पाणी लावून घासणं, कारण कोरडी भुकटी नाकात जाते आणि मनगटाला दोन दिवस टोचत राहते. शेवटी यूव्ही लॅकर, म्हणजे ऊन अडवणारं पारदर्शक रोगण, नाहीतर एपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं.

कान पक्का बसलाय. कुलपाच्या भोकापाशी मात्र कापड ओढलं गेलं आणि ट्विलची रेघ वाकडी झाली. काका येता-जाता नेमकं तिथेच बोट फिरवतात. उजवं पॅनलही करायचंय, पण ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.