दहा हजारांच्या चेकची झेरॉक्स

एका ठेकेदाराकडे आमच्या दुकानाचे टाइल्सचे १,८४,३०० रुपये अडकले होते. माल गेला मे २०१६ मध्ये. तगाद्याला उत्तर ठरलेलं, "शेठ, बिल निघू द्या." पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याने कसाबसा दहा हजारांचा चेक दिला. भरायच्या आधी अण्णांनी त्याची झेरॉक्स काढून फाइलला लावली. चेक वटला, आणि वटलेल्या चेकची झेरॉक्स काय पुजायची का म्हणून मी त्यांना हसलो.

जानेवारी २०२० मध्ये फाइल घेऊन वकिलांकडे गेलो. बिलांच्या तारखा बघूनच त्यांनी मान हलवली. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, ती उलटून गेलेली. पानं चाळता चाळता ती झेरॉक्स निघाली आणि साहेब सरसावून बसले. मुदतीच्या आत सहीच्या चेकने थोडी जरी रक्कम आली, तरी तिथून तीन वर्षं नव्याने धरतात. बँकेचा उतारा जोडला, बिलांवर त्याच्या सह्या होत्याच, म्हणून समरी दावा, म्हणजे लांबलचक सुनावणीशिवाय झटपट निकाल मागणारा दावा, लावला.

पुढे लॉकडाऊन आणि तारखा. समन्स दोनदा 'मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत. तिसऱ्यांदा घर दाखवायला बेलीफाबरोबर मीच गेलो. दाराला आतून कडी, आत टीव्ही चालू. हाका मारून थकलो. शेवटी समन्स दारावर चिकटवलं, शेजारच्या दोघांच्या पंच म्हणून सह्या घेतल्या. डिंकाची बाटली माझी होती. दहा दिवसांत तो हजर झाला नाही आणि आमच्या बाजूने कोर्टाचा हुकूमनामा झाला.

मी पेढे आणायच्या बेतात होतो. वकील म्हणाले, "थांबा, आता दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणायचा अर्ज." जप्ती कशावर आणायची हे कोर्ट शोधत नाही, आपण दाखवायचं. घर वडिलांच्या नावावर, गाडी बायकोच्या. पण झेरॉक्सवर त्याचा खातेनंबर स्वच्छ दिसत होता! त्या खात्यावर जप्ती आली.

चौथ्या दिवशी माणूस दुकानात हजर. "शेठ, घरची माणसं आपण, कोर्ट कशाला? खातं तेवढं मोकळं करा." व्याज सोडलं. मुद्दल आणि दाव्याचा खर्च दोन डीडींनी घेतला, वसूल झाल्याचं कोर्टाला लेखी कळवणारी पुरशीस दिली.

बँकेत जाताना अण्णा वाटेत थांबले, डीडींच्या झेरॉक्स काढायला.