तात्यांचं वावर आणि उत्तर ध्रुवाकडच्या भेगा

गेल्या जुलैत कोर्ससाठी स्वालबार्डला होतो, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर. लाँगइयरब्येनच्या बाजूला आडव्हेंटडालेन म्हणून नदीचं खोरं आहे, ७८ अंश उत्तरेला, तिथली जमीन, माती, झाडोरा बघायचा आणि नोंदी करायच्या. नाशिकला आल्यापासून जो तो विचारतो अस्वल दिसलं का. नाही दिसलं बाबांनो, सोबत बंदूकवाला मात्र रोज असायचा.

कामाचं विचारलं ते निफाडच्या तात्यांनीच. डोंगरावरून काढलेला फोटो बघून म्हणाले, "अरे, हे तर उन्हाळ्यातलं आपलं वावर!" दिसतं खरंच तसंच, चौकोनी-पंचकोनी तुकडे, फक्त एकेक तुकडा घराएवढा. आपली काळी माती वाळून आकसते म्हणून मे महिन्यात फाटते, तिकडची हिवाळ्यात थंडीने आकसून फाटते, मग वसंतात बर्फाचं पाणी त्या फटीत उतरून गोठतं, पुढच्या वर्षी परत तिथेच फट, असं शेकडो हजारो वर्षं चालतं आणि जमिनीत बर्फाची पाचर तयार होते, वरून रुंद, खाली निमुळती.

आमचं रोजचं काम म्हणजे लोखंडी सळई मातीत खुपसायची, ठक्क झालं की थांबायचं, किती गेली ते लिहायचं. तिथपासून खाली कायम गोठलेली जमीन. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणायचं तर सलग दोन वर्षं तरी तिचं तापमान शून्याच्या वर जायला नको. वरचा थर तेवढा उन्हाळ्यात सुटतो, पण पाणी मुरणार कुठे? सखल भागात वापसा म्हणून येतच नाही, बूट ओढून काढावा लागायचा (एकदा मोजाच वर आला). शेवाळ जाड असेल तिथे सळई कमी जायची, उन्हाची ऊब खाली पोचत नाही ना. तात्या लगेच, "म्हणजे पाचटाचं आच्छादन." अगदी तेच!

आणि झाडं! आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद तिथे आहे, ध्रुवीय विलो, उंची बोटाएवढी, पान नखाएवढं. पहिल्या दिवशी मी त्याच्यावरच बसलो होतो.

तात्यांचा शेवटचा प्रश्न, "एवढं पाणी साचतं तर चर का काढत नाहीत?" म्हटलं, वाहत्या पाण्याने पाचर वितळते, वरची माती खचते, चराची घळ होते.

तात्या जरा वेळ फोटो बघत राहिले. "मग राहू दे तसंच," म्हणाले आणि मोटार चालू करायला गेले.